मामांचा पक्का रंग
आमचे मामा कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. रंगवण्याचं नवं स्वयंचलित मशीन तरुणांनाच चालवायला मिळणार अशी कुणकुण लागली, तशी त्यांनी केस काळे करायला घेतले. ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून पाकिटावरच्या सूचना धुडकावून त्यांनी रंग दुप्पट वेळ ठेवला. केसांबरोबर कान आणि कपाळही काळं झालं.

"आता तुम्हालाच मशीनमध्ये घालून धुवायला हवं," मामी म्हणाली.

कारखान्यात मालकांनी हसू दाबत पांढरी चिंधी मामांच्या कपाळावर घासली. कापडाचा रंग तिथे असाच तपासतात. चिंधी पांढरीच राहिली.

"पक्का बसलाय," मालक म्हणाले. "नवं मशीन तुम्हीच चालवा. वेळ मात्र मशीनलाच ठरवू द्या."