गुप्ते डॉक्टरांचा राग

गुप्ते डॉक्टर पहिल्या भेटीत कोणालाही नमस्कार करत नसत. समोरच्याला बसवत, स्वतः वाकत आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरत. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहतो का ते पाहत आणि मगच नाव विचारत. कर्जतच्या दवाखान्यात ते रुजू झाले त्या दिवशी स्वागताला आलेल्या मामलेदारांचे धोतरही त्यांनी असेच वर सारले. मामलेदार अवघडून म्हणाले, "अहो, मला काही आजार नाही." डॉक्टर म्हणाले, "ते दिसतंच आहे. तुमच्या घरी दूध-तूप आहे."

मी त्या दवाखान्यात नर्स होते. लढाईचे दिवस होते, धान्य रेशनवर गेले होते. इथे येण्याआधी डॉक्टर मुंबईत रक्त गोळा करण्याच्या कामावर होते, आणि रक्ताविषयी बोलू लागले की त्यांचा आवाज चढायचाच. एकदा त्यांनी गोठू न दिलेल्या रक्ताची नळी माझ्यापुढे धरली. लाल भाग तळाशी बसला होता, वर पेंढ्याच्या रंगाचे पाणी उरले होते.

"हा प्लाझ्मा, नर्सबाई. लोक लाल रंगाला भितात आणि या पिवळ्याकडे बघतही नाहीत. यात तीन जातींची प्रथिनं आहेत. फायब्रिनोजेन जखमेत धागे विणून रक्त थांबवतं. ग्लोब्युलिन बऱ्याच प्रकारची, त्यातली काही रोगाशी लढतात. आणि अल्ब्युमिन. कण सगळ्यांत लहान, पण भरणा सगळ्यांत जास्त. ते रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. ते घटलं की पाणी शिरांमधून झिरपतं आणि अंगात साचतं. मुंबईत आम्ही हे पिवळं वाळवून लढाईवर पाठवायचो. ते चढवलं की मरणाच्या दारातला शिपाई डोळे उघडायचा. माणूस वाचवायचं इतकं कळतं आपल्याला. कळतं!" आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"राग आला नाही तर निदान चुकतं," असे ते नेहमी म्हणत. मला तेव्हा ते विचित्र वाटे.

ठमी आली आणि मला त्याचा अर्थ कळला. जवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या जंगलात तेव्हा कोळशाच्या भट्ट्या लागत. पेट्रोल मिळेनासे झाल्यामुळे मुंबईच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि कोळशाला मागणी होती. भट्ट्यांचा ठेका आबाशेठकडे होता. मजुरांसाठी सरकारातून तांदूळ, डाळ आणि वाल मिळत, तेही त्यांच्याच हाती. ठमी भट्टीवर लाकडे वाहायची. नवऱ्याने, बाळूने, तिला झोळीत घालून आणली. तोंड गोल, डोळे मिटल्यासारखे, पाय खांबासारखे, पोट वर आलेले. बरोबर आबाशेठ स्वतः होते.

"बघा डॉक्टर," ते हसत म्हणाले, "लोक म्हणतात मी मजुरांना उपाशी ठेवतो. ही उपाशी दिसते? आता दारूनं काळीज खराब झालं असेल, त्याला मी काय करू?"

"मी दारू पीत नाय," ठमी पडल्या पडल्या म्हणाली.

डॉक्टरांनी आबाशेठना बसायलाही सांगितले नाही. ठमीची लघवी त्यांनी नळीत घेऊन दिव्यावर उकळली. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन गळत असते तर ती दह्यासारखी फुटली असती. ती स्वच्छ राहिली. यकृत त्यांनी हाताने तपासले, डोळ्यांत कावीळ पाहिली. काही सापडले नाही. मग तिचे थोडे रक्त काढले आणि मला म्हणाले, "आता माझं काढा." दोन्ही गोठल्यावर वरचे पाणी वेगळे करून त्यांनी त्यात एक क्षार घातला. अर्ध्या प्रमाणात घातला तेव्हा दोन्ही नळ्यांत ग्लोब्युलिन गढूळ होऊन तळाशी बसले. ते गाळून उरलेल्यात तोच क्षार पुरेपूर घातला. डॉक्टरांच्या नळीत अल्ब्युमिनचा दाट पांढरा साका आला. ठमीच्या नळीत नुसता धूर तरंगल्यासारखे झाले.

"काय खातेस गं?"

"नाचणीची पेज. पातळ."

"डाळ? वाल? सुकट?"

ठमीने आबाशेठकडे पाहिले आणि मान फिरवली. बाळू म्हणाला, "डाळ आमी बगितली नाय, सायेब. बाजारात जाती ती."

डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "निघा! हिच्या अंगावर चरबी नाही, पाणी आहे. तुम्ही विकलेल्या डाळीच्या जागी पाणी भरलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भट्टीवर चढलो. धुरात काळवंडलेली माणसे, आणि जो तो सुजलेला. आबाशेठचा मुकादम कौतुकाने सांगत होता, पोरं कशी गुबगुबीत झालीत. ठमीचा मुलगा गोणपाटावर पडला होता. गाल फुगलेले, दंड मात्र काडीसारखे. डॉक्टरांनी त्याला उचलले आणि सगळी उतरण स्वतःच चालले, बाळूच्या हातीही देईनात. कोंडाण्याच्या पाणंदीत मुलाची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली. डॉक्टर तिथेच मातीत बसले. बाळूने हात पुढे केले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी मूल सोडले.

मृत्यूचे कारण त्यांनी 'उपासमार' असे लिहिले. मामलेदार धावत दवाखान्यात आले.

"डॉक्टर, 'सूज' लिहा. मूत्रपिंड लिहा, काहीही लिहा. या तालुक्यात उपासमार नाही असं मी वर कळवलंय."

"मग तसं त्या पोराच्या रक्तालाही कळवायचं होतं."

"नोकरीचा विचार करा."

"तुम्ही करताय तेवढा पुरे आहे."

शब्द बदलला नाही. पण चौकशीही झाली नाही. भट्टीवरच्या मजुराच्या पोरासाठी कोण चौकशी करणार?

ठमीला डॉक्टरांनी दवाखान्याच्या पडवीतच ठेवून घेतले. आधी थोडे थोडे दूध, मग मुगाचे कढण, मग भात, वालाची आमटी आणि सुकट. हळूहळू तिला लघवी भरपूर होऊ लागली, सूज ओसरू लागली. आणि जसजशी ती बरी होत गेली तसतशी बघवेनाशी झाली. पाणी उतरले, आणि आत जे होते ते दिसू लागले. बरगड्या, खुबे, गालांची हाडे. मी तिचे अंग पुसायला घ्यायचे आणि माझे दात आवळले जायचे.

आबाशेठ एक दिवस चार माणसांना घेऊन आले. पडवीत उभे राहून मोठ्याने म्हणाले, "पाहिलंत? धडधाकट बाई दिली होती यांच्या ताब्यात. हाडं करून ठेवलीत!"

मला वाटले डॉक्टर त्यांच्यावर हात टाकतील. ते पुढे गेले, अगदी जवळ. "नीट बघा, आबाशेठ. हीच तुमची बाई. एवढीच होती ती. तुम्ही तिच्या अंगावर एवढंच ठेवलं होतं." मग ते बरोबरच्या माणसांकडे वळले. "तुम्हीही बघा. बघितल्याशिवाय हलू देणार नाही." एकाने टोपी काढली. आबाशेठ तेवढ्यात पायऱ्या उतरून गेले होते.

त्यानंतर भट्टीवर वाल आणि डाळ पोहोचू लागली. मोजकीच, पण पोहोचू लागली. डॉक्टरांची मात्र बदली झाली, लांब खानदेशात. जाताना माझ्याशीही धड बोलले नाहीत. ठमीसाठी वाल कोणाकडून आणायचे एवढे सांगितले आणि गाडीत बसले.

तिकडेच विषमज्वराने ते गेल्याचे कळले तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. आबाशेठ पांढरी टोपी घालू लागले होते. कर्जतच्या शाळेत शोकसभा झाली, आणि अध्यक्ष तेच. हात जोडून ते म्हणाले, "गुप्ते डॉक्टर म्हणजे शांत, सोशिक माणूस. कोणाला कधी उणा शब्द बोलले नाहीत."

लोक माना डोलावत होते. माझ्या कानशिलांत रक्त ठणकू लागले. मेलेल्या माणसाजवळ उरलेली शेवटची गोष्ट, त्याचा राग, तोही हे पुसून टाकत होते.

मी उठले. "खोटं आहे हे. ते भयंकर रागीट होते. ते तुमच्यावर ओरडले होते, आबाशेठ. का ओरडले ते सांगा, नाहीतर मी सांगते."

ते सांगणार नव्हतेच. मी सांगितले. डाळ कुठे गेली ते, नळीत काय दिसले ते, पडवीत आबाशेठ काय बोलले ते.

"बाई, शोकसभा आहे ही," आबाशेठ म्हणाले. "खाली बसा."

दाराजवळ, चपलांच्या ढिगापाशी, ठमी उभी राहिली.

"बसू नका, बाई," ती म्हणाली. "माज्या पोराचं सांगायचं ऱ्हायलंय."