बांधाच्या पलीकडची बाजू

मामा आमच्या घरी यायचा तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहून एकेक पाय झटकायचा आणि तरीही निम्मा किनारा घरात घेऊन यायचा. मागोमाग आई झाडू घेऊन. "समुद्र तिकडेच ठेवून येत जा रे धाकट्या!" तो हसायचा, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचा आणि चहा संपेपर्यंत पायाच्या बोटांमधली उरलीसुरली वाळू मुद्दाम फरशीवर पाडत राहायचा. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी ही खोड गेली नाही. आईसमोर तो कायम धाकटाच राहिला.

मामा गवंडी. दगडी कामाला त्याच्यासारखा हात नाही, असं लोक म्हणायचे आणि लोक म्हणायचं विसरले तर तो स्वतः म्हणायचा. "माझ्या हातचा दगड हलत नाही," हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की तो तोंड उघडायच्या आत मामी ते म्हणून मोकळी व्हायची. त्याचं घर किनाऱ्यावर, थोडी मोकळी वाळू सोडली की आमचं, आणि आमच्या पलीकडे जाळी दुरुस्त करणाऱ्या आजीचं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मामाने घराला लागून दोन खोल्या बांधल्या. समुद्र बघायला येणारे पाहुणे तिथे उतरायचे. म्हातारपणाची बेगमी म्हणून त्याने त्या खोल्यांत आयुष्यभराची मेहनत ओतली होती.

मग एका वादळात समुद्राने त्याचं कुंपण नेलं. लाटा खोल्यांच्या पायरीला चाटून गेल्या आणि मामाची झोप उडाली. त्याने हातोडा पुन्हा बाहेर काढला. ओहोटी लागली की तो आणि त्याचे जुने जोडीदार किनाऱ्यापासून थेट पाण्यात शिरणारा दगडी बांध घालायला लागायचे. असा भक्कम बांध या किनाऱ्याने पाहिला नव्हता. आई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायची, "हे माझ्या भावाचं काम!" कौतुक करताना तिचं मन भरायचं नाही.

इथे आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लाटा सरळ येत नाहीत, तिरक्या येतात. लाट तिरकी वर चढते, वाळू उचलते आणि परतताना उतारावरून सरळ खाली जाते. पुढची लाट पुन्हा तिरकी. त्यामुळे वाळूचा कण एका जागी राहत नाही, सरकत सरकत पुढे जातो. मामाच्या घराकडून आमच्याकडे, आमच्याकडून आजीकडे. आमच्या दारातली वाळू आधी मामाच्या दारात राहून आलेली असायची. जुनी गेली तरी मागून नवी येते, म्हणून किनारा जागच्या जागी आहे असं वाटतं. हे आम्हाला सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं. वाहून आलेली चप्पल कुठे सापडेल हे आम्ही पैज लावून सांगायचो. पण चप्पल जाते तशी वाळूही जाते, आणि तिच्या वाटेत भिंत घातली तर पुढच्याचं काय होईल, हा विचार बांध घालताना कुणाच्या डोक्यात आला नाही. मामाच्याही नाही. तोवर त्याचा काही दोष नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

बांधाच्या अलीकडे, मामाच्या बाजूला, वाळू साचत गेली. किनारा रुंद झाला, पाहुणे वाढले. आमच्या बाजूला वाळू उतरत गेली. आमच्या दारातून किनाऱ्यावर जायला पायऱ्या होत्या. खालची पायरी आधी उघडी पडली, मग तिच्याखालून हात घालता येईल इतकी पोकळी झाली, आणि मग ती नुसती लटकू लागली. आई म्हणायची, "समुद्राची लहर आहे. येईल परत."

मामाला कळलं तो क्षण मी पाहिला, पण मला तेव्हा तो समजला नाही. मी खाली ओहोटीत उभी होते. मामा एका पाहुण्याला घेऊन बांधावर आला होता. पाहुण्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि सहज विचारलं, "इकडे वाळू अगदी बांधाच्या काठापर्यंत, आणि तिकडे एवढा खड्डा. असं का हो?" मामाची नजर बांधाच्या दोन्ही बाजूंवरून फिरली. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या लटकणाऱ्या पायरीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "समुद्राचं काही सांगता येत नाही," असं काहीतरी पुटपुटत तो मागे वळला. मी खालून हात हलवला. त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवसापासून मामाचं आमच्याकडे येणं बंद झालं. बाजारात जायला आमच्या दारावरून जवळचा रस्ता होता, तो सोडून तो वरच्या रस्त्याने वळसा घालून जाऊ लागला. आई आजारी पडली तेव्हा मामीला पाठवलं. पाहुणे किनाऱ्याची तारीफ करू लागले की तो उठून आत जायचा, हे मामीनेच सांगितलं. तिलाही कळेना. मला मात्र सगळं कळल्यासारखं वाटत होतं. खोल्या चालायला लागल्या, माणूस चढून गेला, दुसरं काय! माझा स्वभाव पोटात ठेवण्याचा नाही. मी तडक त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "मामा, आता आमच्या घरी यायची लाज वाटते का तुला?"

तो खुर्ची दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "हो, वाटते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन आईला सांगितलं, तुझा भाऊ तोंडावर असं बोलला. आई एवढंच म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस."

आमचं स्वयंपाकघर भर दुपारी गेलं. उधाणाची भरती होती. भिंतीला आधीपासून तडा होता, त्या दिवशी खालची जमीनच सरकली. आधी ओट्याची बाजू खचली, मग खिडकीसकट भिंत बाहेरच्या बाहेर पाण्यात. आवाज ऐकून लोक धावले आणि सगळ्यांच्या पुढे मामा. गुडघे विसरून तो आत शिरला. शेगडी, भांडी, पिठाचा डबा, हाताला लागेल ते बाहेर काढत राहिला. मी ओरडत होते की मामा, बाहेर ये, छप्पर पडेल. तो ऐकतच नव्हता. छप्पर अंगावर पडलं तरी चालेल, असा तो वागत होता.

सगळं थांबल्यावर तो तसाच भिजलेला उभा राहिला. आई त्याच्याजवळ गेली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "बघा, माझा भाऊ कसा धावून आला." मामाने मान इतकी खाली घातली की त्याचा चेहराच दिसेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं, पण कशामुळे ते मला कळलं नाही.

मग आई म्हणाली, "धाकट्या, मलाही तुझ्यासारखा एक बांध घालून दे. नाहीतर उरलेलं घरही जाईल."

मामाने आईकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, "देतो."

आणि खरंच, दोन-चार दिवसांत दगड येऊन पडले. मामाने दोरी लावली, पहिला थर बसवायला घेतला. आई पायरीवर बसून बघायची. तो तिच्याकडे पाठ करून काम करायचा. एकदा ओहोटीला जाळीवाली आजी त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे जाळी वाळत घालायची वाळू, एवढंच, आणि ती वाळूही आता ओसरत आलेली. ती म्हणाली, "देव तुझं भलं करो. हा झाला की माझ्या दारातही जरा वाळू धरेल ना रे बाबा?"

मामाने तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. हातोडा खाली ठेवला. मग उठून आईसमोर आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, तुझं स्वयंपाकघर समुद्राने नाही नेलं. मी नेलं. माझा बांध तुझी वाळू अडवून बसलाय. मला केव्हाचं कळलंय. मी बोललो नाही. खोल्या जातील म्हणून बोललो नाही. आणि आता हा बांध घातला की या म्हातारीचं घर जाणार, तेही कळत होतं, आणि तरी मी दगड बसवत होतो." आजी एकदा मामाकडे, एकदा आईकडे बघत राहिली. मी त्याला बोललेला शब्दन् शब्द माझ्यावरच उलटला.

मला वाटलं आई रडेल, नाहीतर त्याच्या थोबाडीत मारेल. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मामाने मान वर केली.

"तू येईनासा झालास तेव्हाच कळलं. याच किनाऱ्यावर वाढलेय मी, वाळू कुठून येते ते मला ठाऊक नाही होय? म्हटलं, येईल, बोलेल. पायरी लटकली तेव्हा वाट बघितली. भिंतीला तडा गेला तेव्हा बघितली. शेवटी बांध मागितला. म्हटलं, आता तरी बोलावंच लागेल त्याला." तिचा आवाज इथे पहिल्यांदा कापला. "तर तू दगड घेऊन आलास."

मामा तिथेच दगडांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा रडला. आई त्याला गप्प करायला उठली नाही. मीही नाही.

आमच्या दारातलं काम तिथेच थांबलं. आईने त्याला त्याचा बांध काढ असं कधी सांगितलं नाही. पण पुढच्या ओहोटीला तो पहार घेऊन स्वतःच्या बांधावर उभा होता. जोडीदार घेतले नाहीत, आले त्यांना परत पाठवलं. त्याच्या हातचा दगड खरोखरच हलत नव्हता. एकेक निखळवताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि आपलं काम इतकं चांगलं का झालं म्हणून तो स्वतःला शिव्या घालायचा. मामी आमच्याशी बोलेनाशी झाली. पुढच्या वादळांत एका खोलीची पायरी गेली, मग खोलीही गेली. पाहुणे दुसरीकडे उतरू लागले. मामाने तोंडातून ब्र काढला नाही.

वाळू परत यायला लागली, पण तिच्या चालीने. आधी आमची लटकणारी पायरी टेकली, आता ती वाळूत बुडाली आहे. मग आजीने जाळी पुन्हा बाहेर वाळत घातली. आता ती वाळूत बुडाली आहे. स्वयंपाकघर मात्र गेलं ते गेलं. आम्ही पुढच्या खोलीतच शेगडी मांडली आहे.

मामा पुन्हा येऊ लागला आहे. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, एकेक पाय झटकतो, पुन्हा झटकतो, हाताने बोटांमधली वाळू काढतो, आणि मग तिथेच पायरीवर बसतो. आत येत नाही.

"अरे ये आत," आई रोज म्हणते.

"नको ताई. पाय वाळूचे आहेत."

"असू देत. घेऊन ये."

तो मान हलवतो आणि समुद्राकडे बघत बसतो. मग मी चहाचे दोन कप बाहेर नेऊन देते, कारण थोड्या वेळाने आई उठून त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसणार हे मला माहीत असतं.