होडीतली पुढची जागा

शकू, अशी लांब बसून वाचू नकोस. खुर्ची जवळ ओढ, चष्मा नीट पूस, आणि मी बोलत असताना ‘बघू गं आक्का, बघू’ म्हणणार नाहीस एवढं आधी कबूल कर. तुझ्या त्या ‘बघू’ला मी आता विटले आहे. थोरल्या बहिणीनं बोलावत राहावं आणि धाकटीनं पुण्यातल्या पाचव्या मजल्यावरून गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगत राहावं, हे शोभतं का बाई? असो, रागावून झालं. आता ऐक.

वल्हं पाण्यातून वर काढलं आणि क्षणभर तसंच आडवं धरलं, की त्याच्या पात्याच्या कडेनं थेंब ओळीनं निथळायला लागतात. सकाळचं पाणी इतकं निश्चल असतं की प्रत्येक थेंबाचं एक वर्तुळ उमटतं, ते पसरतं, शेजारच्या वर्तुळात मिसळतं. आणि होडी पुढं निघून गेली तरी मागं ती नक्षी थोडा वेळ राहते, कुणी रांगोळीचे ठिपके टाकावेत आणि रेषा ओढायच्या आधीच तिला आतून हाक यावी तशी. त्या थेंबांचा नाद मी सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकला. सासरी आल्यापासून पाणी पाहिलं ते आडातलं, घागरीतलं, पाटातलं आणि टँकरच्या पाइपातलं. जिथं पाणी म्हणजे जपून वापरायची वस्तू, तिथं पाण्यावर नुसतं हिंडायला जायचं, असं मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला सावलीत बसवून कांदा हुंगायला दिला असता.

हा सगळा उद्योग ऋतुजाचा. माझ्या लेकीची लेक, पण वर हिमालयातल्या नद्यांवर राहून होडी चालवायचं शिकून आली, आणि आता लोकांना घेऊन पाण्यावरच्या सहली काढते. वाटाडी म्हण हवं तर. लांबच लांब, निमुळत्या, दोघींनी वल्हवायच्या होड्या टेम्पोत पालथ्या घालून ती आमच्या जळकोटात शिरली तेव्हा अख्खा रस्ता गोळा झाला होता. कॅनू म्हणतात त्यांना. आमची महानंदा किराणेवाली गल्ल्यावरनंच ओरडली, “काय गं पोरी, एवढ्या मोठ्या शेंगा कुठल्या रानातल्या?” आणि खरंच, भुईमुगाची टरफलं वाळत घालावीत तशाच त्या दिसत होत्या.

बेत असा आहे. संक्रांत झाली, ज्वारी हुरड्याला आली, की आमच्या गल्लीतल्या बायकांना घेऊन ऋतुजा बोरी नदीच्या फुगवट्यावर जाणार. धरणाची भिंत अडवते म्हणून मागं रानभर पसरलेलं पाणी, त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. तू तो कधी थंडीत पाहिलेला नाहीस. माळाच्या खाचाखोचांत, ओढ्यांच्या तोंडांत शिरून तो असा निवांत पडलेला असतो की उन्हाळ्यात हाच आटून चिखल होतो यावर विश्वास बसू नये. पहिला मुक्काम पाण्यातल्या टेकडीवर, बाभळींच्या विरळ सावलीत तंबू ठोकून. दुसरा पार आत, जिथं रस्ता पोचत नाही आणि फोन मुका होतो. नुसता कुसळी गवताचा माळ, खोकडांची बिळं, आणि क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ओणवलेलं निरभ्र आकाश. तिथल्या एकांताची मला आत्तापासूनच ओढ लागली आहे. घरात माणसांच्या गराड्यात आयुष्य गेलेल्या बाईला एकांताची एवढी हाव का असावी? की एकांत हाही एखाद्या माहेरासारखाच असतो, न मागता मिळत नाही आणि मिळाला की निघवत नाही?

आणि तिथं चक्रवाक उतरतात. तांबूस सोनेरी अंगाचे, डोकं फिकट, जोडीजोडीनं वावरणारे. यांची जोडी रात्री दोन तीरांवर विलग होते आणि पहाटेपर्यंत एकमेकांना साद घालत राहते, असं जुने लोक मानायचे. मी हे मोठ्या हळव्या सुरात ऋतुजाला सांगितलं, तर ती होडीची दोरी गुंडाळत म्हणाली, “आज्जी, विरह-बिरह काही नाही. ती पाखरं रात्रीची चरायला जातात.” म्हणजे बघ, ज्यांच्या दुःखानं माणसं एवढी व्याकूळ झाली ते पक्षी बिचारे जेवत होते. मला हसू आवरेना. पण खरं सांगू? जेवताना का होईना, अंधारात ‘आहेस ना गं तिकडं?’ असं विचारणारं कुणी असावं, एवढं तर त्या हाकांत असेलच की.

तयारी मात्र अशी चालली आहे की वऱ्हाड निघावं. पहिला प्रश्न लुगड्याचा. नऊवारीत होडीत बसता येतं, पण पाण्यात पडलं तर ओच्यात सगळा फुगवटा मावेल. मग शमीमबीनं, आमच्या कोपऱ्यावरच्या शिवणवालीनं, एकाच ताग्यातून सगळ्यांना सलवार-कुडते शिवले. जांभळ्या रंगावर पिवळी फुलं. ते घालून आम्ही पहिल्यांदा रस्त्यानं निघालो तेव्हा पारावरचे म्हातारे बोलता बोलता थांबले. महानंदा त्यांच्याकडं बघून म्हणाली, “बगा, बगा. बँड मागनं यायलाय.”

मग ऋतुजानं एकदा सामान लादून बघायचं ठरवलं. तिनं बजावून सांगितलं होतं, की आपापल्यापुरतंच खायला आणा, होडीला ओझं नको. आता एकटीपुरतं बांधून न्यायचं ही विद्या आपल्याकडच्या बाईला कुणी शिकवली आहे का? फडकं पसरलं की हात आपोआप शेजारणीची भाकरी ठेवतो, तिच्या जावेची ठेवतो, वाटेत कुणी भेटलंच तर त्याचीही ठेवतो. प्रत्येकीनं प्रत्येकीसाठी आणलं. कडक भाकरीच्या चवडीच्या चवडी, धपाटे, शेंगाचटणीचे डबे, दह्याची गाडगी. आणि महानंदानं वरून लोखंडी खलबत्ता. होडी काठावरच एवढी दबली की पाणी कडेवरून आत डोकावायला लागलं. ऋतुजा कपाळाला हात लावून उभी.

“काकू, हा खलबत्ता कशाला?” तिनं विचारलं.

“ताजा ठेचा नगं व्हय?” महानंदा म्हणाली. ऋतुजानं तो उचलायला हात घातला तर ‘बेडा, बेडा’ करत दोन्ही हातांनी तिला अडवायला लागली. चिडली की ती कानडीत शिरते, बेडा म्हणजे नको.

शमीमबी शांतपणे म्हणाली, “र्‍हाने दे गे बेटी. डुबली तर खलबत्त्यासंगं डुबंल, ठेचा खाल्ल्याबिगर तिला जन्नत बी नको.”

शेवटी तोड निघाली. एकीनं सगळ्यांच्या भाकरी आणायच्या, एकीनं सगळ्यांची चटणी, एकीनं तंबूच्या खुंट्या. खलबत्ता घरी राहिला, पण ठेचा मात्र त्यातलाच येणार. मला त्या दिवशी वाटलं, माणसं आपापल्यापुरती निघाली की ओझं वाढतं आणि एकमेकींसाठी निघाली की कमी होतं, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवत नसतील, पण होडीला तो बरोबर समजतो.

मीही शहाणपणा करायला गेलेच. तुला आठवतं, आपले अण्णा बैलगाडी भरताना कसे जुवाकडं जरा जास्त भार ठेवायचे, म्हणजे गाडी मागं उलाळत नाही? मी ऋतुजाला तेच सांगितलं, महानंदाला पुढं बसव, होडी सरळ जाईल. ती हसली, म्हणाली, “बसवून बघूया.” महानंदा पुढं बसली, मी मागं, आणि होडीनं नाक पाण्यात खुपसून वाऱ्याबरोबर अशी गिरकी घेतली की आम्ही निघालो होतो टेकडीकडं आणि पोचलो म्हशींच्यात. तिथं गुडघाभर पाण्यात म्हशी धुणारा गडी म्हणाला, “आक्का, बैल कुठं हाय तुमचा?” त्या दिवसापासून मी गाडीचं ज्ञान गाडीलाच ठेवलं आहे. होडीत सामान मधे, पुढचीनं ताल धरायचा, मागचीनं दिशा. एवढं मला कळलं आणि माझ्या हाताला मागची जागा चांगली बसली. ऋतुजा उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही, पण परवा म्हणाली, “आज्जी, तुझी होडी सरळ जाते.” शकू, ते ऐकून मला जे वाटलं ते मी या वयात कुणापुढं बोलून दाखवायची नाही. तुझ्यापुढं बोलते. मला पहिला पाळणा हलवताना वाटलं होतं तसं वाटलं.

आता मुद्द्यावर येते, कारण तुझं लक्ष घड्याळाकडं गेलेलं मला इथून दिसतंय.

ऋतुजाचा एक नियम आहे आणि त्यात ती आजीलाही सूट देत नाही. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून होडी मुद्दाम पालथी घालायची आणि परत तीत चढून दाखवायचं. जी हे करत नाही तिनं वल्हं हातात धरून सहलीला यायचं नाही. आणि ही परीक्षा एकटीनं होत नाही. एक अलीकडून चढते तेव्हा दुसरीनं पलीकडून होडीची कड दाबून धरावी लागते, नाहीतर होडी पुन्हा अंगावर येते. महानंदा आणि शमीमबीची जोडी तर बुचकळ्या खात, एकमेकींना नावं ठेवत, तिसऱ्या फेरीत पास झाली. माझी जोडीदारीण होती कमल. पण तिच्या लेकीचं बाळंतपण अलीकडं आलं, आणि ती सोलापूरला गेली ती आता नातवाला मांडीवर घेऊनच बसायची. बाकीच्यांच्या जोड्या लागल्या. मी उरले.

ऋतुजा जवळ येऊन बसली. म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नको आज्जी. तू माझ्या होडीत मधे बस. मस्त गादी घालून देते.”

मधे सामान असतं, शकू.

तिनं प्रेमानंच म्हटलं, मला ठाऊक आहे. पण सासरी आले तेव्हापासून मी बैलगाडीत मागं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोत्यांवर, मोटारसायकलवर एका अंगानं आणि लेकाच्या कारमध्ये खिडकीकडं बसवलेली अशीच फिरले. सगळीकडं मला नेलं. चांगलं नेलं, तक्रार नाही. पण एकदा तरी माझ्या हातानं मी कुठं जावं, एवढी इच्छा मनात होती हे मला ते वल्हं हातात येईपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत झालं आहे, आणि आता गादीवर बसून जायचं म्हणजे न गेलेलंच बरं.

त्या रात्री मला काईल आठवली. ढोकीकडं आपल्या माहेरी, गुऱ्हाळ सरलं की अण्णा ती गुळाची भलीमोठी काईल घासून पालथी घालायचे, आणि तेरणा फुगली की तीच सरळ करून नदीत सोडायचे. लोखंडाची ती एवढी अवजड थाळी पाण्यावर तरंगायची, हे आपल्याला कधी नवल वाटलं नाही. अण्णा आणि गडी पोहत तिला ढकलायचे आणि पलीकडच्या मळ्यात नेऊन सोडायचे. पण ते आपल्यातल्या एकीला कधी न्यायचे नाहीत. एकटी बसली की काईल एका अंगाला कलंडते, म्हणून दोघींना समोरासमोर बसवायचे, पाय पसरून, तळव्याला तळवा लावून. काईल गरगर फिरायची. आभाळ, काठ, बाभळी सगळं फिरायचं. न फिरणारं असं एकच काही असायचं, ते म्हणजे तुझं तोंड. गुळाचा वास लोखंडात इतका मुरलेला असायचा की ओल्या उन्हात तो वर यायचा. तू काईलीची कड चाटायचीस आणि अण्णा ओरडायचे, “अगं ए, बुडशील की गूळ खाता खाता.” तू भ्याली असलीस तर मी हसायची, मी भ्याले असले तर तू. ठरवून नव्हे, समोरच्या तोंडावर भीती दिसली की आपल्या वाट्याचं धैर्य आपोआप यायचं. धैर्य अशी काही स्वतःची मिळकत असते का गं? मला तर ते नेहमी असं दुसरीच्या तोंडाकडं बघूनच आलं.

तुझ्या गुडघ्यांचं मी ऋतुजाला विचारलं आहे. एक शस्त्रक्रियेनं नवा झालेला, एक जुनाच, दोन्ही सांगितले. ती म्हणाली, “मावशीआज्जीला होडीत चढवायचं-उतरवायचं आम्ही बघू. वल्हवायला गुडघे लागत नाहीत, खांदे लागतात.” आणि खांदे, शकू? आडातनं पोहरे ओढलेले, पहाटे जातं फिरवलेले, लेकरं वागवलेले तुझे खांदे काय लिफ्टचं बटण दाबून झिजले? तू भ्याली आहेस, मला कळतं. दवाखान्यातनं आल्यापासून उंबऱ्याबाहेरचं सगळं तुला फिरल्यासारखं वाटतं, हे तू सांगत नाहीस आणि मला ऐकू येतं. पण मी पण भ्यालेच आहे. होडी पालथी घालायची म्हटलं की मी तिची कड घट्ट धरून बसते. म्हणजे दोघींची सोय झाली की नाही?

शमीमबीनं त्याच ताग्यातलं कापड राखून ठेवलं आहे. तुझं माप मी अंदाजानं दिलं. जाड सांगितलं म्हणून रागावू नकोस, सैल असलेलं बरं. तुझं वल्हं माझ्या दाराआड उभं आहे.

आज सकाळी ऋतुजाच्या मागं लागून मी एकटीच होडी घेऊन काठाकाठानं गेले. ती बांधावरून नजर ठेवून होती. मी मागच्या जागेवर बसून उजव्या बाजूनं वल्हवत होते. मधेच थांबले, वल्हं आडवं धरलं, आणि थेंब निथळू दिले. होडीच्या उजव्या अंगाला माझ्या वर्तुळांची ओळ उमटली, पसरली, एकमेकीत मिसळली. डावं अंग कोरं होतं. एकाच बाजूला वल्हं असलं की होडी हळूहळू वळत जाते, कितीही सरळ म्हण, आणि शेवटी निघालेल्या काठालाच परत लागते. तशी ती लागली. उतरताना पुढच्या रिकाम्या जागेवर ऊन पडलेलं दिसलं, आणि तिथं बसलेल्या बाईची पाठ कशी दिसेल ते मी उगाच बघत राहिले. काईलीत तुझं तोंड दिसायचं. इथं मला तुझी पाठ दिसेल आणि तुला समोर सगळं पाणी.

तेव्हा बाई, लेकाला सांग, गाडीत बसवून दे म्हणावं. दुखरे गुडघे तसेच घेऊन ये, गोळ्यांचा डबा घेऊन ये, वाटल्यास रागही घेऊन ये. पण हुरडा कडक व्हायच्या आत ये.