स्टेनवोरच्या वहीतला शेरा

स्टेनवोरच्या वाचनवहीला सगळं गाव जरा वचकूनच असे. आइसलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात दर तिसरा माणूस जन्मात एकदा तरी पुस्तक लिहितो आणि उरलेल्या दोघांना ते वाचावं लागतं. स्टेनवोरने स्वतः कधी पुस्तक लिहिलं नाही. मासळीच्या कारखान्यात कामाला लागली तेव्हापासून ती वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद मात्र ठेवत आली. नाव, तारीख आणि खाली ओळ-दोन ओळींचा शेरा. नियम तिचेच आणि कडक. पुस्तक संपेल त्याच दिवशी लिहायचं, शाईने लिहायचं, लिहिलेलं खोडायचं नाही.

वही ती कुणाच्या हातात देत नसे, पण कुणी विचारलंच तर शेरा जसाच्या तसा ऐकवत असे. बर्गस्वेनने बोटीवरच्या आठवणी छापल्या तेव्हा तिने लिहिलं होतं, ‘प्रत्येक वादळात लेखक एकटाच जागा.’ बर्गस्वेनने हौसेने विचारलं, तिने सांगितलं, आणि तो वर्षभर तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. तोंडदेखलं बोलायला बाकी सगळं जग पडलंय, एवढी एक वही तरी खरी असू दे, असं तिचं म्हणणं.

मग हाल्मारने पुस्तक लिहिलं आणि बाई पेचात सापडली.

हाल्मार तिचा शेजारी. जन्म बोटीच्या इंजिनापाशी गेलेला, अबोल माणूस. त्याची बायको आल्डा ही स्टेनवोरची जिवाभावाची मैत्रीण. कारखान्यात दोघी एकाच टेबलापाशी समोरासमोर उभ्या राहून मासे साफ करत म्हाताऱ्या झाल्या. आल्डा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्यावर हाल्मारने पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या खर्चाने नाताळाच्या तोंडावर छापून आणलं. नाताळात इथे पुस्तक भेट द्यायचं, हे ठरलेलंच. त्या वर्षी सगळ्या गावाने सगळ्या गावाला हाल्मारचंच पुस्तक दिलं. स्टेनवोरकडे तीन प्रती आल्या.

तिने ते एका बैठकीत वाचलं. पुस्तकातली आल्डा गोड हसायची, कुणाला वावगा शब्द बोलायची नाही, सगळ्यांसाठी मोजे विणायची. स्टेनवोर वाचता वाचता चिडत गेली. आल्डाला विणकामाचा तिटकारा होता. तिची जीभ कारखान्यातल्या सुरीहून धारदार होती आणि तिच्या शिव्यांवर अख्खी पाळी हसत काम करायची. शेवटच्या प्रकरणात ती नवऱ्याचा हात हातात घेऊन शांतपणे डोळे मिटते. स्टेनवोरने पुस्तक मिटलं आणि नियमाप्रमाणे शाईने लिहिलं, ‘बाई भली आहे, पण ही आल्डा नाही. शेवटच्या प्रकरणात तर हाल्मारसुद्धा खोलीत आहे असं वाटत नाही.’

लिहून झाल्यावर तिला धस्स झालं. आल्डाबद्दल बोलावं असं आता तिला या जगात हाल्मारशिवाय कुणी उरलं नव्हतं. हा शेरा त्याला ऐकवला तर तोही दुरावणार होता.

नाताळानंतर दुकानात पुस्तकं बदलून मिळतात. प्रत्येक भेटीवर तशी चिठ्ठीच चिकटवलेली असते. स्टेनवोरने दोन प्रती बदलून आणल्या. एका माणसाला एका पुस्तकाच्या तीन प्रती कशाला, एवढाच साधा विचार. पण दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावरच्या गरम पाण्याच्या हौदात सगळे गळ्यापर्यंत बुडून बसलेले असताना बर्गस्वेनने संधी साधली.

“काय गं स्टेनवोर, हाल्मारचं पुस्तक परत केलंस म्हणे. आणि एकदा नाही, दोनदा!”

“तीन प्रती आल्या होत्या, एक ठेवलीय. तुझ्या पुस्तकाची तर मी एकही ठेवली नव्हती,” ती म्हणाली. सगळे हसले.

हाल्मार हसला नाही. पाण्याकडे बघत त्याने विचारलं, “वहीत काय लिहिलंस?”

स्टेनवोरच्या तोंडून निघून गेलं, “अजून वाचायचंय रे.”

गावातल्या लहान पोरालाही हे पटलं नसतं. नाताळात मिळालेलं पुस्तक स्टेनवोरकडे वाचायचं राहतं, हे कधी घडलेलंच नव्हतं. हाल्मारने मान हलवली, टॉवेल उचलला आणि तो निघून गेला. त्यानंतर तो हौदाकडे फिरकला नाही. तिच्या दारातलं बर्फ मात्र रोज सकाळी ती उठायच्या आत काढून ठेवलेलं असे. ते बघून तिला स्वतःचीच लाज वाटे. खरं बोलून लोक दुरावलेले तिने पचवले होते. खोटं बोलून माणूस दुखावण्याची तिला सवय नव्हती.

शेवटी एका दुपारी तिने वही कोटाखाली घेतली आणि त्याचं दार वाजवलं.

“ये. कॉफी आहे, पण कडू झालीय,” हाल्मार म्हणाला.

“असू दे. मी खोटं बोलले होते. वाचलंय मी.”

“माहितीये.”

“ऐकायचंय?”

“नको असतं तर विचारलं असतं का?”

तिने वही उघडली आणि चष्मा सावरून दोन्ही वाक्यं वाचली. तिने एक शब्दही बदलला नाही. हाल्मार खिडकीकडे बघत राहिला. आता हा मला घालवून देणार, असं तिला वाटलं.

“तुला कुणी सांगितलं?” त्याने विचारलं.

“काय?”

“मी खोलीत नव्हतो ते.”

स्टेनवोरला कळेना. “अरे, मी लिहिण्याबद्दल म्हणत होते. वाक्यं कशी उसनी आणल्यासारखी वाटतात...”

“नव्हतो मी. त्या दिवशी मी हौदात होतो. तुझ्या शेजारी.”

तिला तो दिवस आठवला. हाल्मारने कधी नव्हे ते गप्पा मारल्या होत्या. घरी आल्डा आजारी आहे, माणसाला घटकाभर हसू दे, म्हणून तिनेच त्याला आणखी थोडा वेळ बसवून ठेवलं होतं. आल्डा गेली ती तो घरी पोचल्यावर, असंच ती आजवर समजत होती.

“भांडून आलो होतो गं,” हाल्मार म्हणाला. “चार दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. मी सकाळपासून खपून मटणाचं सूप केलं. तिने एक चमचा घेतला आणि वाडगा सरकवून दिला. मला राग आला, टॉवेल घेतला आणि निघालो. परत आलो तर संपलं होतं सगळं. आता हे कुणी पुस्तकात लिहितं का?”

“शेवटचं काय बोलली?”

“मीठ जास्त झालंय म्हणाली.”

स्टेनवोरने डोळे पुसले. ही आल्डा तिच्या ओळखीची होती.

“झालं होतं का?”

हाल्मारचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय, हे तिला सांगता आलं नसतं.

“झालं होतं,” तो म्हणाला.