गुडघाभर नदी

आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या माथ्यावरचा पाऊस दोन वाटांनी निघतो. थोडा काटेपूर्णा नदीतून पश्चिमेच्या समुद्राला, बाकीचा आडाणेतून पूर्वेच्या. हे मला माहीत, कारण तरुणपणी मी आडाणेवर पाणी मोजायच्या नोकरीत होतो. वर्षानुवर्षं पाऊस कमीजास्त झाला तर समुद्राकडे जाणारं पाणी किती बदलतं, हे आमच्या साहेबांना शोधायचं होतं. त्यासाठी पात्रात फुटांच्या रेघा खोदलेला दगडी खांब उभा केला होता. मी रोज सकाळी रेघ पाहायची आणि वहीत लिहायची.

पहिल्याच पावसाळ्यात मोठा पूर आला, पण गावात शिरला नाही. गावाने श्रेय खांबाला दिलं. बायांनी त्याला शेंदूर फासला, तेल ओतलं. दर अमावास्येला नवा थर. दिवाळीपर्यंत सगळ्या रेघा शेंदराखाली गेल्या. मी खरवडायला चाकू काढला तेव्हा एक म्हातारी ओरडली, "देवाची दाढी करून राह्यला काय रे?" चाकू परत खिशात गेला.

मग मी युक्ती काढली. पूर ओसरला की एक रंगारीचाचा खांबाजवळ नदीत उभे राहून रंगवलेली लुगडी धूत. मी काठावरून विचारायचं, "चाचा, पानी कुठलोक?"

"गुडघ्यालोक, बाबू."

चाचांचा गुडघा मी एकदा काठीने मोजून घेतला होता. वहीत तेवढा आकडा.

पुढे तीन वर्षं पावसाने दगा दिला. माझ्या वहीतली नदी मात्र ढळली नाही. साहेब खूष. "पाऊस घटला तरी नदी घटत नाही! डोंगराच्या पोटात मोठा साठा असला पाहिजे." त्यांनी तसा लांबलचक अहवाल लिहिला. पाठीवर थाप पडल्यावर मलाही ते खरं वाटू लागलं.

चौथ्या उन्हाळ्यात चाचा हातात कागद घेऊन आले. धुण्यापुरतं पाणी अडावं म्हणून त्यांनी लहानशा बंधाऱ्यासाठी अर्ज केला होता; तो झाला नाही तर त्यांचा धंदा बसणार होता. उत्तर आलं होतं : नदीला बारमाही पाणी आहे, बंधाऱ्याची गरज नाही.

"गुडघाभर पानी हाय म्हनते. कोनं सांगतलं यायले?"

"पन तुमी त रोज गुडघाभर पान्यातच उभे रायता," मी म्हणालो.

"अरे, लुगडं धुवाले तेवढं लागतेच. पानी उतरलं का मी खाली सरकतो. खांब कुठी राह्यला अन् मी कुठी! आता त डोहात उभा हावो. तुले दिसत नाई काय?"

माझं सकाळचं चालणं वर्षागणिक लांबत चाललं होतं, हे दिसत होतं. कारण विचारायचं सुचलं नव्हतं, एवढंच. ते आकडे आज कुठल्या कपाटात असतील तर नदीचे नाहीत, चाचांच्या गुडघ्याचे आहेत, हे इथे लिहून ठेवतो.

तेव्हाच साहेबांना कळवलं असतं तर बंधाऱ्याचं उत्तर फिरलं असतं. माझी नोकरी गेली असती. मी कळवलं नाही.

पावसाळ्याआधी चाचांनी रंगाची भांडी बैलगाडीत घातली आणि ते अकोल्याच्या वाटेला लागले. जड कढई चढवायला मी एका बाजूने हात दिला.

"गावातून येकटा तूच आला, बाबू," ते म्हणाले. "भला मानूस हायेस."

कढई नीट बसली की नाही, ते मी बराच वेळ पाहत राहिलो.