जादा पगाराची जागा

लग्नानंतर आम्ही सांगलीत राहायचो. माझे यजमान तिथल्या एका तेलगिरणीत मॅनेजरच्या हाताखाली होते. मॅनेजर पन्नाशीचे, त्याच कामात मुरलेले. त्यांना एकशेदहा रुपये पगार, ह्यांना पंचेचाळीस. साताऱ्याला असल्या कामाला थोडं कमीच मिळतं आणि मुंबईला दुप्पट, हे ह्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की ते मला तोंडपाठ झालं होतं. "पगार दोन गोष्टींवर ठरतो," म्हणायचे, "गाव कुठलं आणि अनुभव किती."

बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीनंतर वर्षभरानं मालकांनी ह्यांना बोलावलं. कुंडलच्या पलीकडे, संस्थानाच्या हद्दीबाहेर इंग्रजी मुलखात त्यांची दुसरी लहान गिरणी होती. तिथं मॅनेजरची जागा रिकामी झाली होती. पगार एकशेतीस, शिवाय राहायला घर. हे घरी आले ते हसतच. मला मात्र ते खटकलं.

"इथल्या मॅनेजरांचा एवढा अनुभव, तरी त्यांना एकशेदहा. मग तुम्हाला एकशेतीस का?"

"आडगाव आहे. तिथं जायला कुणी राजी नसतं," हे म्हणाले.

का राजी नसतं, ते मला तिथं गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. पाणी भरायला एक बाई यायची, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली, घरी मेंढरं असलेली. घागर टेकवून ती सहज म्हणाली, "आदीचं मॅनेजर लय जुनं मानूस. बैलगाडीत निजवून न्हेलं त्यास्नी. पाय टेकवत नव्हता."

"काय झालं होतं?"

"मारलं की तळव्यावर. कुनी, ते म्या न्हाई बघितलं." तिनं पदर सावरला आणि निघून गेली.

तेव्हापासून माझी झोप आणि जेवण दोन्ही गेलं. गिरणीचं इंजिन बंद पडलं की मी खिडकीशी धावायचे. चुलीपुढे बसले तरी पाठ दाराकडे करवत नसे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तो माणूस तापट होता. आपलं कुणाशी वैर नाही." पण संध्याकाळी परत येताना हेही मागं वळून पाहत, ते मी खिडकीतून बघत होते.

शेंगांचा हंगाम सुरू झाला. एकदा हे मालकांना भेटायला सांगलीला गेले होते. दुपारी तीन माणसं अंगणात येऊन उभी राहिली. धोतर, मुंडासं, शेतकरीच दिसत होते. पण पुढच्याच्या पायात लष्करी बूट होते. भूमिगत चळवळीतले असावेत, असं मनात आलं. त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून ओट्यावर ठेवला आणि दाराआड सरकले.

"भिऊ नगा वैनी," बूटवाला म्हणाला. "तुमच्या मालकास्नी पगार किती हाय?"

खोटं सांगायचं सुचलंच नाही. "एकशेतीस."

"सांगलीत किती हुता?"

"पंचेचाळीस."

"मग हितं एवढा का देत्यात?"

"इथं यायला कुणी तयार नव्हतं म्हणून."

तो ओट्याच्या कडेला बसला. "त्ये खरं न्हाई. खरेदीची मणाची वजनं जड हायती. शेतकऱ्याच्या शेंगा दर मापाला जादा जात्यात. त्ये गप करून घ्यायचा पगार हाय ह्यो. आदीच्याला आमी दोनदा सांगितलं. तुमच्या मालकास्नी एकदाच सांगतुया. बाजारच्या दिवसापातूर वजनं बदलली पायजेत."

पाणी पिऊन ते उसाच्या कडेनं निघून गेले. मी दाराला कडी लावली आणि तिथंच, फरशीवर बसून राहिले.

तासाभरानं पुन्हा कडी वाजली. या वेळी फौजदार आणि दोन शिपाई होते. "तीन माणसं इकडं आली होती?" त्यांच्या पायाशीच रिकामा तांब्या ओट्यावर पडला होता. नाही म्हणावं तर पोलीस मला तुरुंगात टाकतील, हो म्हणावं तर ती तिघं ह्यांचे पाय फोडतील. मी म्हणाले, "पाणी भरणारी बाई येऊन गेली. आणखी कुणी नाही." फौजदार माझ्याकडे बघत राहिला. मग काठीनं तांब्या ढकलून बघितला आणि निघून गेला. मी तांब्या उचलून आत नेला.

हे परतल्यावर मी सगळं सांगितलं. मग विचारलं,

"वजनं जड आहेत, ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं," हे म्हणाले. "मालक म्हणाले, जुनी पद्धत आहे, तुम्ही लक्ष घालू नका."

"आता काय करणार?"

"पळून जावंसं वाटतंय."

मलाही तेच वाटत होतं. पण सकाळी हे उठले, कराडहून नवी वजनं आणवली, आणि बाजारच्या दिवशी सगळ्यांसमोर जुन्यांशी ताडून दाखवली. मी घरातून बघत होते. गर्दीत कुणाच्या पायात बूट आहेत का, एवढंच शोधत होते. कुणी पुढं आलं नाही. कुणी शाबासकीही दिली नाही.

मालक मात्र संतापले. वजनं बदलली तर मग पगारही सांगलीत घेत होतात तेवढाच, असं त्यांनी ह्यांना तोंडावर सांगितलं. हे पंचेचाळिसावर आले. हंगाम संपेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो, कारण दुसरी नोकरी नव्हती. पुढं साताऱ्याला एका वखारीत ह्यांना साठ रुपयांची जागा मिळाली.

साताऱ्यात आमचं बरं चाललं. पण तिथंही कितीतरी महिने दुपारी दाराची कडी वाजली की मी आधी खिडकीतून आलेल्याचे पाय बघायचे, आणि मगच दार उघडायचे.