पूल आला का?

आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या इंग्रजीच्या मॅडमइतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. कुकरची शिट्टी झाली तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. दारावर थाप पडली की आधी खिडकीतून दोन डोळे दिसायचे, मग बऱ्याच वेळाने मॅडम. आणि मुलाखतीला निघालेली सगळ्या पाऱ्याची, म्हणजे मोहल्ल्याची, पोरं धीर घ्यायला मात्र यांच्याकडेच!

धीराचं त्यांचं एकच औषध होतं: 'वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट.' पूल येईल तेव्हा ओलांडू, आतापासून जीव टांगणीला कशाला लावायचा? पण एवढ्यावर त्या सोडायच्या नाहीत. "अर्थ कोणीबी पाठ करते, वापर सांग," म्हणायच्या. "पुलाच्या आधी घाबरला असन त्याले हे म्हणाचं. पुलावर उभा असन तं वाक्य नाही, हात द्याचा."

मी नोकरीला होते ते मंत्रालय शहराबाहेर नवा रायपूरला गेलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. बस धड मिळेना, स्कूटीची भीती जाईना, आणि घर तर माझ्याच नोकरीवर चाललेलं. ट्रक आला तर? सुनसान रस्त्यावर गाडी बंद पडली तर? माझ्या प्रत्येक 'तर'ला मॅडमचं तेच वाक्य. शेवटी मी रडायलाच लागले, तेव्हा त्या स्वतः स्कूटीवर माझ्या मागे बसल्या. डोळे गच्च मिटून.

त्या रुंद रस्त्यावर मागून खरंच ट्रकचा हॉर्न वाजला. मी स्कूटी कडेला घेऊन थांबवली. "मॅडम, बोला ना काही!" मी ओरडले. त्या बोलल्या नाहीत. माझ्या कमरेला त्यांचे हात घट्ट बसले, माझ्याहूनही जास्त कापणारे. ट्रक निघून गेला. "काहून थांबली वो? चाल," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यापासून मी एकटी जाऊ लागले.

गेल्या वर्षी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनचा दिवस येईपर्यंत त्यांचं वाक्य मीच त्यांना ऐकवत होते. त्या सकाळी वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, "चलिए माताजी." मॅडम माझ्याकडे वळल्या.

"मले भेव लागून राहिलं वो."

वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्यांचा हात धरला.

"आता आला तुले वापर," त्या म्हणाल्या.

मॅडम परत आल्या नाहीत. मी अजूनही घाबरटच आहे. तरी पाऱ्यातली एखादी पोरगी रडवेली होऊन येते, तेव्हा मी आधी विचारते, पूल आला का? आला म्हणाली, तर काही न बोलता चप्पल घालते आणि तिच्याबरोबर निघते.